पाच ट्रकवरून पंधरावर जाताना डिस्पॅचरचं काय होतं

अमेरिकेत इंडिपेंडंट डिस्पॅचर, म्हणजे ट्रकवाल्यांसाठी माल शोधून देणारा माणूस, म्हणून काम करायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा एकच हिशोब मांडतात. समजा एक ट्रक आठवड्याला ६,००० डॉलरचा ग्रॉस करतो, आपली फी ८ टक्के, म्हणजे ४८० डॉलर, पाच ट्रक म्हणजे २,४०० आणि पंधरा ट्रक म्हणजे सरळ ७,२००. कागदावर यात काहीच चूक नाही. फक्त पंधरा ट्रकला लागणारं काम पाच ट्रकच्या तिप्पटीवर थांबत नाही, ते कसं आणि कुठे वाढतं हे समजून न घेता ट्रक घेत सुटलेला माणूस थोड्याच दिवसांत फोनला चिकटलेला, चिडचिडा आणि ड्रायव्हर सोडून चाललेत म्हणून हैराण असा दिसतो.

आधी कोण कुठे उभा आहे ते बघू, कारण पुढचं सगळं यावर आहे. माल ज्याचा तो शिपर. शिपरकडून माल घेऊन तो ट्रकवाल्याला देणारा मधला माणूस म्हणजे ब्रोकर, त्याला सरकारी लायसन्स लागतं आणि ७५ हजार डॉलरचा बाँड लागतो. ज्याच्या नावावर ट्रक, इन्शुरन्स आणि एमसी नंबर (माल वाहायचा सरकारी परवाना क्रमांक) तो कॅरियर. आणि डिस्पॅचर हा कॅरियरचा माणूस, त्याच्या वतीने लोड शोधतो, भाव करतो, कागद सांभाळतो, आणि पैसे शिपर किंवा ब्रोकरकडून न घेता कॅरियरकडून घेतो. १९८० च्या मोटर कॅरियर अ‍ॅक्टनंतर तिकडे ट्रकिंग मोकळं झालं आणि छोटे छोटे कॅरियर भरमसाठ वाढले, आजही ९० टक्क्यांहून जास्त ट्रकिंग कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. एकच ट्रक असलेला ओनर ऑपरेटर गाडी चालवता चालवता लोड बोर्ड (उपलब्ध मालाची ऑनलाइन यादी) बघू शकत नाही, म्हणून डिस्पॅचरची गरज पडते. इतकं साधं आहे.

आता काम नक्की कुठे असतं? नवीन माणसाला वाटतं लोड बुक करणं हेच काम. खरं तर बुकिंग हा त्यातला मजेचा भाग आहे, वेळ खातं ते त्यानंतरचं. ब्रोकर नवीन असेल तर त्याचं कॅरियर पॅकेट (नोंदणीचे कागद) भरा, डब्ल्यू-नाइन (टॅक्सचा फॉर्म) द्या, इन्शुरन्सवाल्याकडून सर्टिफिकेट मागवा, फॅक्टरिंग कंपनीचं (बिलाचे पैसे आधी देऊन नंतर ब्रोकरकडून वसूल करणारीचं) लेटर पाठवा, हायवे किंवा आरएमआयएस सारख्या सिस्टीमवर कॅरियरचं प्रोफाइल व्हेरिफाय झालंय का बघा. मग रेट कॉन (ठरलेल्या भावाचा आणि अटींचा कागद) आलं की ते वाचा, म्हणजे खरंच वाचा, कारण उशीर झाला तर किती कापणार, ट्रॅकिंग अ‍ॅप चालू नसेल तर किती कापणार, डिटेन्शन (ट्रक खोळंबवल्याचे पैसे) कधीपासून आणि तासाला किती, हे सगळं तिथे बारीक अक्षरात असतं. मग पिकअप नंबर, अपॉइंटमेंट, ड्रायव्हर पोचला का, लोड झाला का, वजन किती भरलं (पूर्ण गाडी ८०,००० पाउंडाच्या वर गेली तर रस्त्यावर अडचण), चेक कॉल (ट्रक कुठे पोचला याचा फोन), रिसीव्हरकडे लंपरची (माल उतरवणाऱ्या मजुराची) पावती, पीओडीचा (माल पोचल्याच्या सहीच्या कागदाचा) नीट फोटो, इनव्हॉइस, आणि दोन आठवड्यांनी कुणीतरी विचारतो की डिटेन्शनचे पैसे आलेच नाहीत.

म्हणून माझं मत असं की आपल्याकडे ट्रक किती हे मोजूच नका, आठवड्याला लोड किती हलतात ते मोजा. लांब पल्ल्याचा ट्रक, म्हणजे कॅलिफोर्नियातून उचलून जॉर्जियाला सोडणारा, आठवड्याला दोन-तीन लोड करतो. तोच ट्रक जर शिकागोच्या आसपास दिवसाला एक असा रीजनल फिरत असेल तर पाच, कधी सहा. आता पाच लांबवाले ट्रक म्हणजे दहा-पंधरा लोड आणि पाच रीजनलवाले म्हणजे पंचवीस-तीस लोड, दोन्ही डिस्पॅचर म्हणणार माझ्याकडे पाच ट्रक आहेत, पण दुसऱ्याचं काम पहिल्याच्या दुप्पट आहे. त्यात परत फ्लॅटबेड (उघडा ट्रेलर) असेल तर ताडपत्री, चेन, परमिट यांचे प्रश्न वेगळे, रीफर (थंड ट्रेलर) असेल तर टेम्परेचर आणि रात्री दोनची किराणा वेअरहाउसची अपॉइंटमेंट. ड्राय व्हॅन (साधा बंद ट्रेलर) त्यामानाने सोपा, पण म्हणूनच तिथे गर्दी जास्त आणि भाव पातळ.

लोड मोजल्यावर दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे रोज सकाळी किती ट्रक रिकामे उठतात. तुमच्याकडे बारा ट्रक असले आणि त्यातले दोनच आज रिकामे होणार असतील तर दिवस आरामात जातो. सहा रिकामे असतील तर तुम्ही संपलात. कारण चांगले लोड सकाळच्या दोन-तीन तासांत जातात, त्या वेळात सगळे ब्रोकर फोनवर, सगळे डिस्पॅचर फोनवर, आणि तुमचे सहाही ड्रायव्हर तुम्हाला विचारतायत की माझं काय झालं. अशा वेळी माणूस काय करतो, तर मिळेल तो लोड देऊन टाकतो, आणि इथेच कॅरियरचे पैसे बुडतात आणि त्याचबरोबर तुमचीही फी, कारण फी टक्क्यांत आहे. त्यात टाइम झोनची गंमत वेगळी, ईस्ट कोस्टचे ब्रोकर जेवायला जातात तेव्हा कॅलिफोर्नियावाले नुकते कॉफी घेऊन बसलेले असतात, म्हणजे दोन्ही कोस्टवर ट्रक ठेवले तर तुमची सकाळ संपतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे ट्रक रिकामा व्हायच्या आधी पुढचा लोड बुक करणं, याला री-लोड लावणं म्हणतात, आणि ते जमायला ड्रायव्हरचे तास डोक्यात पाहिजेत. नियम थोडक्यात असा: दहा तास ऑफ झाले की चौदा तासांची खिडकी उघडते, त्यात जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आठ तास ड्रायव्हिंग झालं की पुढे चालवायच्या आधी अर्धा तास ब्रेक, आणि बहुतेक कंपन्यांत आठ दिवसांत मिळून सत्तर तास, ते संपत आले की सलग ३४ तास विश्रांती घेतली की मीटर परत शून्यावर. डिसेंबर २०१७ पासून हे बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक लॉगवर चढतं, त्यामुळे पूर्वीसारखी वहीत खाडाखोड करून सोय लावता येत नाही. आता कळीचा मुद्दा हा की ती चौदा तासांची खिडकी साधारणपणे थांबत नाही (स्लीपर बर्थचे, म्हणजे गाडीतल्या झोपायच्या जागेतले, तास तोडून घेतले तर थोडी सवलत आहे, पण त्यावर रोजचं प्लॅनिंग करू नये). ड्रायव्हर सकाळी सहाला सुरू झाला, रिसीव्हरने त्याला डॉकवर पाच तास बसवलं, तर रात्री आठला खिडकी बंद, आणि तुम्ही दुपारी चारला ९० मैलांवर लावलेला री-लोड आता धोक्यात येतो. त्या पाच तासांचे डिटेन्शन मिळालं तरी, पहिले दोन तास बहुतेक वेळा फुकटच धरलेले असतात, तेव्हा हातात जे येतं त्यातून हुकलेल्या लोडची भरपाई होत नाही. म्हणून वाईट रिसीव्हरांची एक यादी स्वतःची ठेवायची, कुठली वेअरहाउस किती वेळ बसवतात, आणि तिथे जाणाऱ्या लोडनंतर त्याच दिवशीचा री-लोड लावायचाच नाही. आणि डिटेन्शनचा मेल दोन तास पूर्ण व्हायच्या आत ब्रोकरला गेला पाहिजे, इन आणि आउट टाइम बीओएलवर (मालासोबतच्या पावतीवर) लिहून घेतला पाहिजे, नंतर भांडून काही मिळत नाही.

आता लेनचं बघू, म्हणजे कुठून कुठे. नवीन डिस्पॅचरला वाटतं की अमेरिका मोठी आहे, ४८ राज्यं फिरवू. मग होतं असं की सोमवारी ओहायोचा भाव शोधा, मंगळवारी टेक्सासचा, बुधवारी वॉशिंग्टन राज्याचा, आणि कुठल्याच ठिकाणी चांगला भाव काय हे पोटातून कळत नाही, प्रत्येक वेळी रेट टूल उघडून बघावं लागतं. दोन-तीन लेन पक्क्या असल्या की तेच ब्रोकर परत परत भेटतात, तेच लोड बोर्डवर टाकायच्या आधी तुम्हाला फोन करतात, एका लोडला पंधरा फोनऐवजी दोन फोन लागतात. वाढीची खरी जागा इथे आहे, एका लोडमागची मेहनत कमी करण्यात. फ्लोरिडाचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहिती असतं: आत जायला भाव छान मिळतो, बाहेर यायला माल कमी, त्यामुळे वसंतातला भाजी-फळांचा सीझन सोडला तर परतीला रडत यावं लागतं. ज्याला हे माहिती आहे तो आत जातानाच परतीचा तोटा धरून भाव मागतो, ज्याला माहिती नाही तो मैलाचा आकडा बघून खुश होतो.

मैलाच्या आकड्यावरून आठवलं, हा हिशोब प्रत्येक लोडला करायचा. समजा एक लोड ६०० मैलांचा आहे आणि १,५०० डॉलर देतोय, म्हणजे मैलाला अडीच डॉलर, पण तिथवर पोचायला १८० मैल रिकामं जायचंय. एकूण ७८० मैल, मग मैलाला पडले १.९२. दुसरा लोड ५२० मैलांचा, १,२५० डॉलर, मैलाला २.४०, पण डेडहेड (रिकामं जायचं अंतर) फक्त २० मैल, म्हणजे एकूण ५४० मैलांवर २.३१. पहिला वरून मोठा दिसतो आणि तुमची फीसुद्धा त्यावर वीस डॉलर जास्त होते (८ टक्क्यांनी १२० विरुद्ध १००). डिझेल मात्र कॅरियर भरतोय. तुमचा आणि त्याचा फायदा इथे थोडा वेगळ्या दिशेला जातो आणि हे मान्य करून जो दुसरा लोड घेतो त्याच्याकडे कॅरियर टिकतात. अर्थात पहिला लोड जिथे संपतो तिथून पुढे चांगला माल मिळणार असेल तर गणित परत बदलतं, म्हणूनच एकेका लोडपेक्षा अख्खा आठवडा धरून बघितलेलं बरं.

आता एक गोष्ट जी वाढीच्या नादात लोक विसरतात, कायदा. एफएमसीएसए म्हणजे तिकडची ट्रकिंगवर देखरेख ठेवणारी सरकारी एजन्सी, तिने जून २०२३ मध्ये डिस्पॅच सर्व्हिसबद्दल आपली समजूत लिहून काढली. डिस्पॅचरला वेगळं लायसन्स लागत नाही, जोपर्यंत तो खरंच कॅरियरच्या बाजूने, आधी केलेल्या लेखी कराराखाली काम करतोय तोपर्यंत. एकापेक्षा जास्त कॅरियर असले म्हणून लगेच कुणी ब्रोकर होत नाही असंही तिथे म्हटलंय. पण आलेला माल कुठल्या कॅरियरला द्यायचा हे जर तुम्ही स्वतःच्या मर्जीने ठरवायला लागलात, शिपरशी थेट सौदा करून मग ट्रक शोधायला लागलात, किंवा मालाचे पैसे तुमच्या खात्यातून फिरायला लागले, तर ते ब्रोकरचं काम झालं, आणि विनालायसन्स ब्रोकरिंगला २०१२ च्या कायद्याने दर उल्लंघनामागे १० हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला, वर नुकसान झालेल्या माणसाची भरपाई वेगळी.

आता विचार करा, पाच ट्रक वेगवेगळ्या राज्यांत असताना हा प्रश्न येतच नाही. पंधरा झाले, त्यातले तीन एकाच सकाळी डॅलसमध्ये रिकामे आणि चांगला लोड एकच, मग तो कुणाला? इथे डिस्पॅचर नकळत माल वाटायला लागतो. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला मिळाला नाही त्याला कधीतरी कळतंच, ड्रायव्हर लोक एकमेकांशी फार बोलतात. म्हणून नवीन कॅरियर घेताना विचार असा करावा की याचा ट्रक, याचा इक्विपमेंट टाइप आणि याची लेन आधीच्या कुणाशी भांडणार तर नाही ना. एक व्हॅन टेक्सास-जॉर्जिया, एक फ्लॅटबेड मिडवेस्टात, एक रीफर वेस्ट कोस्टवर असं ठेवलं तर भांडण टळतं, पण मग वर सांगितलेला लेन पक्की करायचा फायदा जातो. दोन्ही एकदम मिळत नाही. मला स्वतःला लेन पक्की ठेवून त्या लेनवर थोडेच कॅरियर ठेवणं पटतं, आणि प्रत्येक लोडला फोन करताना मी अमुक कॅरियरसाठी बोलतोय हे आधीच ठरलेलं असावं, लोड हातात घेऊन मग कोण रिकामं ते बघणं नको.

फसवणुकीचं पण सांगायला पाहिजे कारण कामाचा ताण वाढला की सगळ्यात आधी कात्री लागते ती तपासणीला. डबल ब्रोकरिंग म्हणजे कुणीतरी दुसऱ्या कंपनीच्या नावाने लोड घेतो, तो तुम्हाला परत विकतो, तुमचा ड्रायव्हर माल पोचवतो आणि पैसे त्या मधल्याने उचलून पोबारा केलेला असतो. ब्रोकरचा फोन नंबर मेलमधून न घेता एफएमसीएसएच्या सेफर साइटवरून घ्यायचा, मेलचं डोमेन नीट बघायचं, भाव बाजारापेक्षा फारच जास्त असेल तर थांबायचं, फॅक्टरिंग कंपनीकडून क्रेडिट चेक झाल्याशिवाय ट्रक हलवायचा नाही. पाच मिनिटं लागतात. सहा ट्रक रिकामे असताना हीच पाच मिनिटं जड होतात. आणि हल्ली याच फसवणुकीमुळे बरेच ब्रोकर डिस्पॅचरशी बोलायला तयार नसतात, कॅरियरच्या अधिकृत मेलवरूनच बोला म्हणतात, त्यामुळे कॅरियरच्या डोमेनवर तुमचा मेल आणि साइन करायचा मर्यादित पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हे पहिल्या दिवशीच करून घ्या.

फीबद्दल थोडक्यात. साधारण ५ ते १० टक्के चालतात, काही लोक आठवड्याला ठरावीक रक्कम घेतात. नवीन लोक ३ टक्के म्हणून ट्रक जमवतात आणि फसतात, कारण ३ टक्क्यांवर जगायचं तर ट्रक इतके लागतात की एकाकडेही लक्ष देता येत नाही, मग सर्व्हिस खराब, मग कॅरियर जातात, मग परत ३ टक्के.

माणूस कधी ठेवायचा? बहुतेक लोक पहिल्यांदा दुसरा डिस्पॅचर शोधतात. मला हे उलटं वाटतं. आधी कागदाचं काम द्या, म्हणजे पॅकेट भरणं, पीओडी गोळा करणं, इनव्हॉइस, डिटेन्शनचा पाठपुरावा, रात्रीचे चेक कॉल. हे काम शिकवता येतं, लिहून देता येतं, त्यात चूक झाली तरी सकाळी दुरुस्त होते. भाव करणं आणि ड्रायव्हरचा विश्वास सांभाळणं मात्र तुमच्याकडेच राहू दे, कारण कॅरियर तुमच्या आवाजासाठी आलाय. त्याला अचानक नवीन माणसाकडे ढकललं की त्याचा पहिला प्रश्न असतो, मग मी पैसे कुणाला देतोय? दुसरा डिस्पॅचर घ्यायचाच तर तुमचे जुने कॅरियर त्याला देऊ नका, नवीन येतील ते त्याच्याकडे सुरू करा. आणि कुणालाही ठेवायच्या आधी प्रत्येक कॅरियरचं एक पान पाहिजे: कुठल्या राज्यात जात नाही, मैलाला कमीत कमी किती भाव घेतो, घरी कधी यायचं असतं, किती वजन ओढतो, न्यूयॉर्क शहरात जायला तयार आहे का. हे सगळं तुमच्या डोक्यात असेल तोवर तुम्हाला एक दिवस सुट्टी मिळणार नाही.

घ्यायचं कुणाला याइतकंच सोडायचं कुणाला हे पण ठरवावं लागतं. जो ड्रायव्हर बुक केलेला लोड सकाळी नाकारतो, ज्याचा फोन रविवारी लागत नाही आणि सोमवारी तो ओरडतो, ज्याची गाडी दर पंधरा दिवसांनी शॉपमध्ये, असा एक ट्रक तीन ट्रकचं काम खातो, आणि नाकारलेल्या लोडमुळे ब्रोकरकडे तुमचं नाव खराब होतं ते वेगळंच. नव्या एमसी नंबरवाल्यांचा प्रश्न जरा वेगळा आहे, बरेच ब्रोकर पहिले काही महिने त्यांना लोडच देत नाहीत, म्हणजे दुप्पट फोन आणि कमी भाव. त्यांना घेऊच नका असं नाही, पण एका वेळी एक, आणि सेटअपची वेगळी फी लावून.

शेवटी बाजाराचं. २०२१ मध्ये भाव इतके चढले होते की कुणीही डिस्पॅचर होऊ शकत होता. २०२२ च्या सुरुवातीनंतर स्पॉट रेट (करार नसलेल्या लोडचे त्या-त्या दिवसाचे भाव) कोसळले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये यलोसारखी जुनी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ऑक्टोबरमध्ये कॉनव्हॉय नावाची गाजलेली डिजिटल ब्रोकरेज बंद पडली. अशा मंदीत टक्केवारीवर जगणाऱ्या डिस्पॅचरला दोन्हीकडून फटका बसतो, प्रत्येक लोडची फी कमी होते आणि तोच लोड मिळवायला फोन जास्त लागतात. म्हणजे तेजीत जो पंधरा ट्रक सांभाळत होता त्याला मंदीत दहाच झेपतात. त्यामुळे तेजीत आपली मर्यादा पंधरा आहे असं वाटलं तर बारावर थांबा, आणि मे महिन्यात सीव्हीएसए या ट्रक-सुरक्षेच्या संघटनेची रोडचेक, म्हणजे रस्त्यावर ट्रक तपासायची, मोहीम असते त्या तीन दिवसांत, जेव्हा बरेच ड्रायव्हर गाडी घरी लावतात आणि उरलेल्या ट्रकला भाव चढतो, बघा की तुमच्या बारातले किती ट्रक आणि कागद इतके नीट आहेत की ते बिनधास्त रस्त्यावर राहू शकतात.